वर्षाचा सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता चित्रपट : इंदूरच्या एका प्रेक्षकाचे प्रकरण

वर्षभर पाहिलेल्या चित्रपटांपैकी सर्वांत आवडता कोणता आणि सर्वांत नावडता कोणता, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो आणि बहुतेक जण त्याचे उत्तर एका दमात देऊन मोकळे होतात. आवडत्या चित्रपटाविषयी निदान कुणीतरी ‘का आवडला’ असे विचारते आणि सांगणाराही उत्साहाने कारणे देतो. नावडत्या चित्रपटाच्या बाबतीत असे घडत नाही. तिथे प्रेक्षक चिडतो, ऐकणारे मान डोलावतात किंवा तेही चिडतात, आणि विषय संपतो. नावड ही आवडीइतकीच काटेकोरपणे तपासली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण एखाद्या चित्रपटाला वर्षातल्या तळाच्या जागी बसवणे म्हणजे शेकडो माणसांच्या कामावर दिलेला निकाल असतो, आणि निकालासोबत कारण आलेच पाहिजे. 2023 या वर्षाच्या अखेरीस इंदूरमध्ये एका प्रेक्षकाच्या यादीवरून जी चर्चा झाली आणि पुढे जे घडले, ते या दृष्टीने सविस्तर मांडण्यासारखे आहे.

या प्रकरणातल्या प्रेक्षक म्हणजे लोकमान्य नगरात राहणाऱ्या, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या एक काकू. नाव देण्याचे कारण नाही. आमच्या मंडळीत सगळे त्यांना काकूच म्हणतात. तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहाबारा जण कुणाच्या तरी घरी जमत असू आणि प्रत्येक जण वर्षातला आपला सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता चित्रपट सांगत असे. इतरांची उत्तरे आठवणीवर बेतलेली असतात. काकूंची वहीवर असतात. हिशेबाच्या लांब वहीत त्या प्रत्येक चित्रपटाची नोंद करतात: तारीख, कुठे पाहिला, सोबत कोण होते, त्याच रात्री ठरवलेला क्रम, महिन्याने पुन्हा ठरवलेला क्रम, आणि शेवटी ‘जागा’ असा एक रुंद रकाना. या रकान्यात चित्रपटातला नेमका प्रसंग लिहायचा, मत लिहायचे नाही, असा त्यांचा स्वतःला घातलेला दंडक आहे. महिन्यानंतरची नोंद करताना पहिली नोंद झाकून ठेवायची, हा दुसरा. गाण्यात जशी एखादी जागा ऐकणाऱ्याच्या कानात राहते, तशी चित्रपटातली राहिली आहे की नाही, हे त्या पाहतात.

चित्रपट कोणत्या परिस्थितीत पाहिले गेले, तेही थोडक्यात सांगणे भाग आहे. इंदूरमध्ये रीगल, मधुमिलन, सपना-संगीता ही नावे आता चित्रपटगृहांपेक्षा चौकांची आणि रस्त्यांची म्हणून अधिक वापरात आहेत. चित्रपट पाहायचा तो मॉलमध्ये. तिथे हिंदी आणि इंग्रजी चित्रपट पहिल्याच दिवशी लागतात, मराठी चित्रपट मात्र लागले तर मोजक्या खेळांपुरते. त्यामुळे त्या वर्षी महाराष्ट्रात गर्दी खेचणारा ‘बाईपण भारी देवा’ काकूंनी पुण्याला लेकीकडे गेल्यावर पाहिला, ‘वाळवी’ घरी पाहिला आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’ त्यांच्या हाती लागलाच नाही. 10 नोव्हेंबरला एकाच दिवशी आलेले ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ 2’ हे दोन्हीही तसेच राहून गेले. इंदूरच्या मराठी प्रेक्षकाची वर्षाची यादी ही अशी मुळातच एका बाजूने उणी असते, आणि तिच्यावरून मराठी चित्रपटांच्या गुणवत्तेविषयी काहीही अनुमान काढू नये.

दोन आवडते

काकूंच्या वहीत ऑक्टोबरअखेर पहिल्या क्रमांकावर विधू विनोद चोप्रा यांचा ‘ट्वेल्थ फेल’ होता. तो 27 ऑक्टोबरला प्रदर्शित झाला. मुरैना जिल्ह्यातल्या एका गावातला, बारावीत नापास झालेला मुलगा ग्वाल्हेरमार्गे दिल्लीत पोचतो आणि पुढे भारतीय पोलीस सेवेत अधिकारी होतो, ही मनोज कुमार शर्मा यांच्या आयुष्यावर आधारलेली कथा. मध्य प्रदेशातल्या प्रेक्षकाला या कथेतली बोली, बसचा प्रवास, ‘पास करून देणारी’ शाळा, सगळे ओळखीचे वाटते. काकूंनी ‘जागा’च्या रकान्यात पिठाच्या गिरणीचा प्रसंग लिहिला होता. पिठाने माखलेला मनोज दिवसभर गिरणीत राबतो आणि त्या घरघरीतच अभ्यास करतो. त्याची मैत्रीण श्रद्धा त्याला तिथे तशा अवस्थेत पाहते. विक्रांत मॅसीने तिथे लाज आणि ताठा एकाच चेहऱ्यावर आणले आहेत, असे काकूंनी त्या रात्री सांगितले होते, आणि ते खरे आहे.

त्यानंतर आठवड्याने, 3 नोव्हेंबरला, अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ आला. 12 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या दिवशी, ‘टायगर 3’ येणार होता आणि तेव्हा बहुतेक पडदे तोच घेणार हे उघड होते. म्हणजे या चित्रपटाच्या हाती फार तर नऊ दिवस होते. काकूंनी तो दुपारच्या खेळाला, जवळजवळ रिकाम्या सभागृहात पाहिला. त्या रात्री त्यांनी त्याला चौथा क्रमांक दिला आणि शेरा लिहिला, ‘संथ’.

महिन्याने, पहिली नोंद झाकून, त्यांनी पुन्हा क्रम लावला तेव्हा ‘थ्री ऑफ अस’ पहिला आला आणि ‘ट्वेल्थ फेल’ दुसरा. असे का झाले, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न.

‘थ्री ऑफ अस’ शंभर मिनिटांच्या आसपासचा चित्रपट आहे. शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. आठवणी पुरत्या पुसल्या जाण्याआधी ती नवऱ्याला घेऊन कोकणात वेंगुर्ल्याला, लहानपणी जिथे काही काळ राहिली त्या गावी जाते आणि तिथे शाळेतला मित्र प्रदीप कामत तिला भेटतो. प्रदीप बँकेत व्यवस्थापक आहे. काकूंनी आयुष्य बँकेत काढले असल्यामुळे त्यांना पहिला आनंद याचा झाला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. परंतु महिन्यानंतरच्या ‘जागे’त त्यांनी शैलजा आणि प्रदीप यांचा एकही प्रसंग लिहिला नव्हता. त्यांनी लिहिले होते, ‘नवऱ्याचे पाहणे’.

ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. शैलजाच्या नवऱ्याची, दीपंकरची, भूमिका स्वानंद किरकिरे यांनी केली आहे. आपल्या पत्नीचे असे एक आयुष्य होते ज्यात आपण कुठेच नव्हतो, हे त्याला त्या गावात एकेका भेटीतून कळत जाते. साधारण हिंदी चित्रपट या ठिकाणी त्याला संशयी तरी करील किंवा उदारतेचा पुतळा तरी. इथे तो दोन्ही होत नाही. तो थोडा मागे राहतो, हसण्याचा प्रयत्न करतो, आणि आपली बायको आपल्याला नीट ठाऊकच नव्हती की काय, या विचाराने आतून हलतो. प्रदीपची पत्नी सारिका हीदेखील तशीच. तिला सगळे समजते आणि ती घराचे दार उघडेच ठेवते. आकाशपाळण्यातला तो प्रसिद्ध प्रसंग, ज्यात शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांनी जीव ओतला आहे, तो सगळ्यांच्याच लक्षात राहतो. काकूंच्या लक्षात मात्र बाजूला उभा असलेला माणूस राहिला, आणि तो पहिल्या रात्री नव्हे, तर महिन्याभराने वर आला.

मंडळीत लगेच आक्षेप निघाला की किरकिरे इंदूरचे, म्हणून काकूंचा कल तिकडे गेला असणार. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. काकूंनी त्याला वहीतूनच उत्तर दिले. त्या वर्षीचा सर्वांत ‘इंदुरी’ चित्रपट म्हणजे जूनमध्ये आलेला लक्ष्मण उतेकर यांचा ‘जरा हटके जरा बचके’. त्याची कथाच इंदूरमध्ये घडते आणि चित्रीकरणही इथलेच. घर मिळवण्यासाठी सरकारी योजनेच्या नियमात बसावे म्हणून घटस्फोटाचे सोंग करणारे जोडपे, ही कल्पना त्यांना आवडली होती, राजवाड्याभोवतालची गर्दी पडद्यावर पाहून सभागृहात झालेला गलकाही त्यांनी नोंदवला होता. पण उत्तरार्धात सोंग मोडताना चित्रपट सोपी वाट धरतो म्हणून त्यांनी त्याला मधला क्रम दिला होता आणि तो पुढेही मधलाच राहिला. उज्जैनमध्ये घडणाऱ्या ‘ओएमजी 2’चेही तसेच. त्यांना तो विचाराने आवडला होता, परंतु शाळेतल्या लैंगिक शिक्षणाची बाजू घेणाऱ्या चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाल्यामुळे ज्यांच्यासाठी तो होता ती मुलेच बाहेर राहिली, याचे दुःख त्यांनी शेऱ्यात लिहिले होते आणि क्रम वाढवला नव्हता. गावाचा अभिमान त्यांच्या क्रमात शिरला नव्हता, असे यावरून म्हणता येते.

दुसरी पडताळणी योगायोगाने हाती आली. 29 डिसेंबरला, शुक्रवारी, ‘ट्वेल्थ फेल’ आणि ‘थ्री ऑफ अस’ हे दोन्ही चित्रपट एकाच दिवशी घरी पाहण्यासाठी उपलब्ध झाले, एक हॉटस्टारवर आणि दुसरा नेटफ्लिक्सवर. आमची बैठक 31 तारखेला, रविवारी होती. काकूंनी शुक्रवारी रात्री एक आणि शनिवारी दुसरा पुन्हा पाहिला. घरचा पडदा लहान आणि आवाज बेताचा. म्हणजे दोन्ही चित्रपटांना सारखीच गैरसोय. ‘ट्वेल्थ फेल’मध्ये शेवटच्या मुलाखतीचा प्रसंग पुन्हा पाहतानाही त्यांचे डोळे भरून आले, परंतु या वेळी संगीत कुठे सुरू होणार आणि आपल्याला कुठे हेलावायचे आहे हे आधीच कळत गेले, असे त्या म्हणाल्या. ‘थ्री ऑफ अस’मध्ये उलट झाले. पहिल्या वेळी ज्या जागा नुसत्या संथ वाटल्या होत्या, तिथे दुसऱ्या वेळी दीपंकरच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते दिसले. दुसऱ्यांदा पाहताना जो वाढतो तो वरचा, असा निर्णय करून त्यांनी क्रम कायम केला. माझे स्वतःचे मत ‘ट्वेल्थ फेल’च्या बाजूने किंचित झुकलेले आहे, कारण साध्या माणसाच्या जिद्दीची गोष्ट भाबडी न होता सांगणे फार कठीण असते आणि त्या चित्रपटाने ते बऱ्याच अंशी साधले आहे, पण काकूंच्या कारणात मला खोट काढता आली नाही.

तळाच्या जागेचा वाद

खरा तिढा पुढे होता. काकूंनी 3 डिसेंबरला, म्हणजे प्रदर्शनानंतर दोनच दिवसांनी, संदीप रेड्डी वंगा यांचा 201 मिनिटांचा ‘अ‍ॅनिमल’ पाहिला होता आणि त्याच रात्री त्याला वर्षातला शेवटचा क्रमांक दिला होता. सोबत त्यांचा भाचा होता; तो विजय नगरात एका संगणक कंपनीत काम करतो आणि त्याच्या यादीत ‘अ‍ॅनिमल’ पहिला होता. शेवटून दुसरा क्रमांक जूनमध्ये आलेल्या ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’चा होता.

बैठकीत काकूंनी ‘अ‍ॅनिमल’चे नाव घेताच बहुतेकांनी माना डोलावल्या. नायक एका स्त्रीला आपला बूट चाटायला सांगतो, त्या प्रसंगाचा उल्लेख झाला, आणि नेहमीप्रमाणे विषय तिथेच मिटला असता. भाच्याने तो मिटू दिला नाही.

‘मावशी, तू चिडून राहिली आहेस,’ तो म्हणाला. ‘त्यात हरकत नाही. पण तू स्वतःच नियम केला आहेस ना, की मत नाही, जागा लिहायची? मग वाच की जागा.’

काकूंनी वही उघडून वाचली. ‘अ‍ॅनिमल’समोरचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता. बुटाचा प्रसंग त्यात होता. त्याच्या वर मात्र शेवटाजवळचा तो प्रसंग लिहिलेला होता, ज्यात मुलगा वडिलांना म्हणतो की आज तुम्ही मी व्हा आणि मी तुम्ही होतो. आयुष्यभर ज्याने बापाच्या लक्षासाठी जीव टाकला तो मुलगा, बाप होऊन, मुलगा झालेल्या बापाशी कसा वागतो, हे रणबीर कपूर आणि अनिल कपूर दाखवतात. शेजारी काकूंचा शेरा होता: ‘वर्षातल्या सर्वोत्तम अभिनयात मोडेल.’ त्याखाली आवाजाविषयी तीन ओळी होत्या. मध्यंतराआधीच्या मारामारीत ‘डॉल्बीवाल्या’ वाजू लागते, ते ‘जाऊं द्या ना बाळासाहेब’साठी अजय-अतुल यांनी केलेले गाणे, आणि उपेंद्र लिमये यांचा फ्रेडी पडद्यावर येतो, तेव्हा इंदूरच्या सभागृहातल्या मराठी पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि आपणही खुर्चीत पुढे सरकून बसलो, असे काकूंनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.

मग त्याने ‘आदिपुरुष’ची जागा वाचायला सांगितली. जूनमधल्या नोंदीत टीका होती, संवादांविषयीचा राग होता, पण प्रसंग नव्हता. जुलैमधल्या नोंदीत रकाना कोरा होता.

या कोऱ्या रकान्यावर बराच वेळ बोलणे झाले आणि मला ते त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे बोलणे वाटते. ‘आदिपुरुष’कडून काकूंची अपेक्षा कमी नव्हती. 2015 मधला ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ हा राऊत यांचा चित्रपट त्यांना मनापासून आवडलेला होता. इथे हनुमानाच्या भूमिकेत देवदत्त नागे, काही गाण्यांना अजय-अतुल यांचे संगीत. मराठी अभिमानाला जागा द्यायचीच तर या चित्रपटाला ‘अ‍ॅनिमल’पेक्षा अधिक मिळायला हवी होती. टीझरवर टीका झाल्यावर दृश्यपरिणाम सुधारण्यासाठी प्रदर्शन जानेवारीवरून जूनला ढकलले गेले होते, म्हणजे वेळही मिळाला होता. काकू नातीला घेऊन गेल्या होत्या. त्या घरात ‘गीतरामायण’ पाठ आहे. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा आवाज यांवर वाढलेल्या माणसाच्या मनात अशोकवनात हनुमान सीतेला भेटतो तो क्षण आधीच घडलेला असतो, आणि पडद्यावर तो कसा येतो याची त्या वाट पाहत बसल्या होत्या. तो प्रसंग आला आणि गेला. महिन्याने तो कसा होता हे त्यांना आठवेना. नातीला विचारले तर तिलाही आठवेना. प्रदर्शनानंतर लोकांचा रोष पाहून काही संवाद बदलले गेले, आणि संवादांवरच सगळी चर्चा खिळून राहिली. काकूंचे म्हणणे असे की संवाद बदलूनही काही फरक पडण्यासारखा नव्हता, कारण त्या चित्रपटात कुणीच कुणाकडे थांबून पाहत नाही. प्रत्येक भावनेला पुढच्या धडाक्याची घाई आहे.

‘मग तळाला कोण?’ भाच्याने विचारले. ‘ज्याने तुला तीन आठवडे झोपू दिले नाही तो, की ज्यातले काहीच तुझ्यापाशी राहिले नाही तो?’

इथे मी एक शंका काढली आणि ती आजही मला रास्त वाटते. धक्का देणारी गोष्ट मनात राहतेच; चटका बसला तर त्याची खूण राहते, म्हणून चटका देणे हा गुण ठरत नाही. केवळ काय लक्षात राहिले यावर क्रम लावला, तर जो सर्वांत क्रूर दृश्य दाखवील तो सर्वांत वर जाईल. काकूंनी यावर थोडा विचार करून एक दुरुस्ती सुचवली. आठवलेला प्रसंग पुन्हा मनात आणला असता त्यातल्या माणसाविषयी आणखी काही कळते का, की तो प्रसंग तसाच्या तसा पुन्हा पुन्हा येतो, हे पाहायचे. त्यांच्या मते बुटाचा प्रसंग नुसता पुन्हा पुन्हा येतो. त्या स्त्रीविषयी तो काही सांगत नाही आणि नायकाविषयी जे सांगतो ते आपल्याला तोवर ठाऊक झालेलेच असते. बाप-मुलाच्या अदलाबदलीचा प्रसंग मात्र प्रत्येक वेळी थोडा वेगळा दिसतो. म्हणून ‘अ‍ॅनिमल’वरचा राग त्यांनी मागे घेतला नाही, उलट तो अधिक नेमका केला: बापाच्या मायेसाठी तहानलेल्या मुलाला इतक्या बारकाईने समजून घेऊ शकणारा दिग्दर्शक त्याच चित्रपटातल्या बायकांना समजून घ्यायचे नाकारतो, आणि हे नाकारणे अजाणता झालेले नाही. परंतु तळाची जागा त्यांनी ‘आदिपुरुष’ला दिली. रामकथा हाती असताना रकाना कोरा राहावा, याहून मोठे अपयश त्या वर्षी त्यांच्या वहीत नव्हते.

बैठकीतल्या दोघीजणींना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की जो चित्रपट फसला त्याने कुणाचे काही बिघडवले नाही, तर जो यशस्वी झाला आणि ज्याच्यावर शिट्ट्या पडल्या त्याचा हिशेब आधी व्हायला हवा. हा मुद्दा हलका नाही. चित्रपट सभागृहात एकट्याने पाहिला जात नाही. बुटाच्या प्रसंगी आपल्या मागच्या रांगेतले लोक हसले, हे काकूंनी स्वतःच नोंदवले होते. तरीही मी काकूंच्या बाजूने आहे. प्रेक्षकांच्या हसण्याचा हिशेब प्रेक्षकांकडेच मागितला पाहिजे. वहीतला क्रम चित्रपटाचा आहे.

राहिलेली त्रुटी आणि जानेवारी

या सगळ्यात एक उघड त्रुटी होती आणि ती बैठक उठता उठता एका ज्येष्ठ सदस्याच्या लक्षात आली. ‘आदिपुरुष’ला सहा महिने झाले होते, ‘अ‍ॅनिमल’ला चार आठवडे. एकाची महिन्यानंतरची नोंद झालेली, दुसऱ्याची व्हायचीच होती. ताज्या चित्रपटाचा भरलेला रकाना आणि जुन्याचा कोरा रकाना शेजारी ठेवून निर्णय करणे हे त्या वहीच्या नियमांतच बसत नव्हते. काकूंनी हे तत्काळ मान्य केले आणि शेवटच्या दोन क्रमांकांपुढे पेन्सिलने ‘कच्चे’ असे लिहिले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नियमाप्रमाणे डिसेंबरची नोंद झाकून ‘अ‍ॅनिमल’ची नवी नोंद केली. अदलाबदलीचा प्रसंग राहिला होता. बूट राहिला होता. मारामारीचा प्रसंग मात्र जवळजवळ पुसला गेला होता. त्यातले गाणे आठवत होते, कोण कुणाला मारतो आहे ते आठवत नव्हते. याचे कारण शोधायचे ठरले. 26 जानेवारीला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला तेव्हा भाचा घरी आला आणि त्या दोघांनी मध्यंतराआधीचा तो भाग आधी आवाजासकट आणि नंतर आवाज बंद करून पाहिला. आवाज बंद होताच ती मारामारी लांबलचक आणि काहीशी यांत्रिक दिसू लागली. कुऱ्हाडी, मुखवटे, यंत्रबंदूक, सगळे होते, पण ज्याने डिसेंबरमध्ये काकूंना खुर्चीत पुढे ओढले होते ते नव्हते. त्यांना ओढले होते गाण्याने आणि पार्श्वसंगीताने. मग त्यांनी अदलाबदलीचा प्रसंगही आवाजाशिवाय पाहिला. तो तसाही उभा राहिला, दोघांच्या चेहऱ्यांवर. या कसोटीवर भाच्याने आपल्या यादीत ‘अ‍ॅनिमल’ला पहिल्यावरून तिसरा केला, पहिल्या जागी त्याने ‘ट्वेल्थ फेल’ला आणले, ज्याची मावशीच्या यादीतली जागा दुसरी होती. काकूंनी पेन्सिलचे ‘कच्चे’ खोडून दोन्ही क्रमांक शाईने पक्के केले: ‘आदिपुरुष’ शेवटचा, ‘अ‍ॅनिमल’ त्याच्या एक पायरी वर.

1 ऑगस्ट 2025 रोजी 2023 या वर्षाचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘ट्वेल्थ फेल’ ठरला आणि विक्रांत मॅसी यांना, शाहरुख खान यांच्यासोबत विभागून, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’, सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ 2’, पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना, म्हणजे त्या वर्षीच्या काकूंच्या यादीतून जे तीन मराठी चित्रपट निसटले होते नेमके तेच. ‘अ‍ॅनिमल’ला ध्वनिआरेखनाचा आणि पार्श्वसंगीताचा पुरस्कार मिळाला. भाच्याने तातडीने फोन केला. काकूंनी वही काढून 3 डिसेंबरच्या आवाजाविषयीच्या तीन ओळी त्याला वाचून दाखवल्या आणि परीक्षकांचा हा निर्णय आपल्याला पूर्णपणे मान्य असल्याचे सांगितले. ‘थ्री ऑफ अस’ मात्र त्यांच्याकडे अजूनही पहिलाच आहे.

मंडळीत त्या प्रकरणानंतर दोन बदल झाले. वर्षअखेरची बैठक आता डिसेंबरऐवजी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होते, म्हणजे नाताळच्या सुट्टीत आलेल्या चित्रपटांनाही महिन्याची मुदत मिळते, आणि सर्वांत नावडत्या चित्रपटाचे नाव घेणाऱ्याने त्यातला एक प्रसंग पडद्यावर घडला तसा सांगितल्याशिवाय त्याचे नाव यादीत लिहिले जात नाही. प्रसंग सांगता आला नाही तर तेवढेच लिहायचे, अशी मुभा काकूंच्या आग्रहावरून ठेवलेली आहे.